हिम वेगळे, बर्फ वेगळा : चेनवरच्या मशीनला पकड कशी मिळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. २१ टनांचे पोकलेन मशीन, ६०० मिलिमीटर रुंदीचे तीन ग्राउझरचे शू (शू म्हणजे चेनवरच्या लोखंडी पाट्या, ग्राउझर म्हणजे त्यांच्यावरचे उंच कंगोरे), चढाच्या रस्त्यावर ताजे हिम आणि त्याखाली गोठलेला टणक थर. चढावर चेन जागीच फिरते, आडव्या उतारावर मशीन कडेला सरकते आणि काही सकाळी तर चेन हलतच नाही. सगळ्या शूंवर लोखंडी पट्ट्या वेल्ड कराव्यात की रुंद शू बसवावेत? शिवाय उताराच्या पायथ्याशी गोठलेला तलाव आहे, त्यावरून मशीन नेले तर मोठा वळसा वाचेल का?

मी बरीच वर्षे अशी मशीन चालवली आणि त्याहून जास्त वर्षे त्यांची चेसिस, चेन आणि फायनल ड्राइव्ह (चेनला फिरवणारी शेवटची गिअरपेटी) दुरुस्त केली. पट्ट्या की रुंद शू, असा प्रश्न मला प्रत्येक हिवाळ्यात कोणीतरी विचारतेच. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण बोलताना आपण दोन गोष्टींना एकच शब्द वापरतो. आभाळातून पडलेल्या भुसभुशीत थराला आपण बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या पृष्ठभागालाही बर्फच म्हणतो. मशीनच्या दृष्टीने हे दोन अगदी उलट स्वभावाचे पदार्थ आहेत. एकावर तरंगावे लागते, दुसऱ्यात रुतावे लागते. तरंगण्यासाठी वजन पसरवायचे आणि रुतण्यासाठी ते एकवटायचे. म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्यावर नुसता निरुपयोगी ठरत नाही, कधी कधी घातकही ठरतो. पुढे मी भुसभुशीत थराला हिम आणि टणक थराला बर्फ म्हणेन.

मशीनला हात लावण्याआधी फावडे घेऊन रस्त्यावर उतरा. चढाच्या पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्याजवळ असे तीन खड्डे खणा आणि थर बघा. ताज्या कोरड्या हिमाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलो असते, बसलेल्या हिमाची २०० ते ३००, वाऱ्याने दाबलेल्या हिमाची ३५० ते ४००. सलग बर्फ ९१७ पर्यंत जातो. हे आकडे मोजायची गरज नाही, बुटाच्या टाचेला ते कळतात. टाच घोट्यापर्यंत गेली तर तरंगण्याचा प्रश्न आहे. टाचेची नुसती खूण उमटली तर दाबलेले हिम आहे आणि तुमचे आहे तेच शू त्यावर चांगले चालतील. टाच वाजली आणि खूणही उमटली नाही तर तो बर्फ. तुमच्या रस्त्यावर वरचे हिम फसवे आहे. ते शूच्या खाचा भरून टाकते आणि मशीन प्रत्यक्षात घसरते ते खालच्या बर्फावरून. वर्णनावरून तरी तुमचा मुख्य शत्रू हिम नाही, बर्फ आहे. तरी हिमाचे आधी सांगतो, कारण जोराचे हिम पडून गेल्यावर त्याच रस्त्यावर तुम्हाला तेही लागेल.

हिमावर पहिला हिशेब जमिनीवरच्या दाबाचा. तुमच्या चेनची जमिनीला टेकणारी लांबी साधारण साडेतीन मीटर धरू. दोन चेन, प्रत्येकी ६० सेंटीमीटर रुंद, म्हणजे ४२,००० चौरस सेंटीमीटर. २१,००० किलो भागिले ४२,००० म्हणजे चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो. ८०० मिलिमीटरचे शू लावले तर हाच दाब ०.३७ वर येतो आणि ९०० चे लावले तर ०.३३ वर. स्कीच्या उतारांवर हिम सपाट करणारी खास मशीन ०.१ च्याही खाली असतात, म्हणून चालणारा माणूस जिथे गुडघ्यापर्यंत बुडतो तिथे ती वरून जातात. तुमचे पोकलेन कितीही रुंद शू लावले तरी त्या वर्गात जाणार नाही. पण आधीच्या पाऊणपट झालेला दाबसुद्धा मध्यम बसलेल्या हिमात मोठा फरक पाडतो, कारण बुडण्याची खोली कमी होते. बुडणे हाच खरा खर्च आहे. चेन जेवढी खाली जाते तेवढे हिम तिला पुढे सतत दाबत जावे लागते आणि इंजिनची ताकद त्यातच संपते.

ओढण्याच्या ताकदीचे जुने सूत्र इथे समजून घेण्यासारखे आहे. जमीन मशीनला जास्तीत जास्त जो धक्का देऊ शकते त्याचे दोन भाग असतात. एक, चेनखालचे क्षेत्रफळ गुणिले त्या थराचा आतला चिकटपणा. दोन, मशीनचे वजन गुणिले त्या थराचे आतले घर्षण. चिकणमातीत पहिला भाग मोठा, कोरड्या वाळूत दुसरा. हिमात दोन्ही असतात आणि तापमानाप्रमाणे बदलत राहतात. पोलंडमध्ये वाढलेले अभियंते मिएचिस्लाव बेक्कर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मऊ जमिनीवरच्या वाहनांचे शास्त्र उभे केले, पुढे चंद्रावरच्या गाडीच्या चाकांवरही काम केले. त्यांच्या मांडणीतला एक निष्कर्ष मला प्रत्यक्षात वारंवार पटला आहे: क्षेत्रफळ सारखेच असेल तर आखूड-रुंद चेनपेक्षा लांब-अरुंद चेन मऊ थरात बरी, कारण तिला कमी रुंदीची चाकोरी दाबावी लागते. तुमच्या मशीनची लांबी तुम्ही बदलू शकत नाही. मात्र भाड्याने दुसरे मशीन घ्यायची वेळ आली तर लांब अंडरकॅरेजचे, म्हणजे लांब चेनचे, मागा.

रुंद शूची किंमत मात्र नीट समजून घ्या. हिमाखाली गोठलेल्या चाकोऱ्या आणि दगड असले तर रुंद शूची बाहेरची कड दगडावर टेकते आणि सगळे वजन तरफेसारखे शूच्या बोल्टवर येते. बोल्ट ढिले होतात, शू वाकतात, चेनच्या सांध्यांतल्या पिन आणि बुश लवकर झिजतात. म्हणून तरंगायला पुरेल इतकेच रुंद, त्याहून एक बोटही जास्त नको. तुमच्यासारख्या रस्त्यावर, जिथे खाली टणक थर आहे, मी ६०० चे शू बदलणार नाही.

हिमावरचा सगळ्यात स्वस्त उपाय शूमध्ये नाही, वेळेत आहे. हिमाचे कण एकमेकांवर दाबले गेले की त्यांच्या टेकण्याच्या जागी बर्फाचे बारीक पूल तयार होतात आणि तासागणिक जाड होत जातात. म्हणजे दाबलेले हिम काही तास न हलवता ठेवले की आपोआप घट्ट होते. स्कीच्या उतारांवर रात्री काम चालते त्याचे एक कारण हेच, सकाळपर्यंत थर पक्का व्हावा. तुम्हीही तेच करा. काम संपवताना रिकाम्या मशीनने रस्त्यावरून हळू दोन-तीन फेऱ्या मारा, प्रत्येक वेळी चेन थोडी बाजूला सरकवून, आणि रात्रभर त्याला कोणी हात लावू नका. जाड हिम पडले असेल तर आधी ते ढवळा, मग दाबा. ढवळल्याने मोठे नाजूक कण मोडतात आणि बारीक कण जास्त ठिकाणी चिकटतात. शून्याच्या जरा खाली ही जोडणी भराभर होते, कडाक्याच्या थंडीत फार सावकाश. उणे ३० च्या खाली हिम कोरड्या वाळूसारखे वागते, तेव्हा एका रात्रीवर भरवसा ठेवू नका.

चालवताना हिमात घसर थोडी चालते, अगदी हवीही असते. मशीन जेवढे पुढे सरकते त्यापेक्षा चेन दहा-वीस टक्के जास्त फिरत असते तेव्हा साधारणपणे ओढ सर्वांत जास्त मिळते. त्यापुढे ग्राउझर हिम कापून मागे फेकू लागतात आणि मशीन स्वतःची विहीर खणते. पोट टेकले की संपले. मग चेनवर वजनच राहत नाही आणि पकड कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. वेग कमी झाला, इंजिनचा आवाज बदलला आणि मागची चाकोरी खोल दिसू लागली की लगेच थांबा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. पुढे आणखी दोन मीटर रेटून बघण्याचा मोह मी अनेक चांगल्या ऑपरेटरांना आवरता न आलेला पाहिला आहे आणि मग त्यांना बाहेर काढण्यात अर्धा दिवस घालवला आहे.

आता बर्फ. बर्फ निसरडा का, याचे शाळेत शिकलेले उत्तर म्हणजे दाबाने तो वितळतो. ते पुरेसे नाही. वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो आणि सपाट शूखाली तो कुठेच नसतो. बर्फाच्या पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर मुळातच सैल, पाण्यासारखा असतो. मायकल फॅरडे यांनी १८५० मध्येच तसा विचार मांडला होता. त्यात घासण्याच्या उष्णतेची भर पडते. म्हणून शून्याजवळचा ओलसर बर्फ सर्वांत वाईट, आणि म्हणूनच घसरणारी चेन फिरवत राहणे सर्वांत मोठी चूक. तुम्ही खालचा बर्फ वितळवून स्वतःसाठी नवा निसरडा थर बनवत असता. थांबलात की काही सेकंदांत तोच थर काचेसारखा गोठतो.

घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, आणि ओल्या बर्फावर गुळगुळीत पोलाद त्याहूनही कमी देते, तर जेमतेम ६ अंशांच्या उतारावर मशीन उभे राहते. त्यापुढे ते निघालेच. ०.३ मिळाले तर १७ अंशांपर्यंत. सगळा खेळ या दोन आकड्यांमधला आहे आणि तो जिंकायचा एकच मार्ग म्हणजे पोलाद बर्फात शिरवणे.

इथेच तुमच्या वेल्डिंगच्या बेताचा हिशेब मांडू. शूची लांबी साधारण १९ सेंटीमीटर धरली तर एका वेळी एका बाजूचे १८ शू जमिनीवर असतात, दोन्ही मिळून ३६. प्रत्येक शूवर पूर्ण रुंदीची, १२ मिलिमीटर जाडीची पट्टी लावली तर प्रत्येक पट्टीवर ५८० किलोच्या आसपास वजन येते आणि ते ७२ चौरस सेंटीमीटरवर पसरते. म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८ किलो. उणे दहाच्या आसपासच्या बर्फाची दाब सोसण्याची ताकद ढोबळपणे ५० ते २५० किलोंच्या घरात असते. तुमची पट्टी आत शिरणारच नाही. ती स्केटच्या पात्यासारखी वर उभी राहील. एका सहकाऱ्याने अगदी हेच केले होते. दोन दिवस राबून त्याने प्रत्येक शूवर पट्टी लावली आणि मशीन आधीपेक्षा जास्त घसरले. तेव्हा आम्हा दोघांनाही कारण कळले नव्हते.

आता उलट करून बघा. दर चौथ्या शूवर एकच काटा, त्याची धार पाच सेंटीमीटर लांब, टोकाशी सहा मिलिमीटर जाड. एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून ९ काटे जमिनीवर. मशीन क्षणभर जरी त्यांच्यावर उभे राहिले तरी एका काट्यावर दोन टनांहून जास्त वजन, तेही तीन चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ७०० किलोंच्या पुढे. त्या दर चौथ्या शूवर दोन काटे केले तरी हा आकडा ३५० च्या वर राहतो. बर्फाला तो सोसत नाही. काटा आत जातो, मग शूचे ग्राउझर टेकतात आणि काटा आता बर्फातल्या खुंटीसारखा आडवे बल घेतो. थोडे आणि टोकदार, हा बर्फाचा नियम. रणगाड्यांच्या बाबतीतही हेच केले जाते. लेपर्ड रणगाड्याच्या पुढच्या उतरत्या पत्र्यावर पोलादी बर्फकाटे टांगलेले असतात. हिवाळ्यात चेनवरचे सगळे रबरी पॅड काढत नाहीत, ठरावीक अंतरावरचे काढून तिथे हे काटे बसवतात.

तुमच्यासाठी मी दर चौथ्या किंवा पाचव्या शूपासून सुरुवात करेन, प्रत्येक शूवर दोन काटे, ग्राउझरच्या वर १५ ते २० मिलिमीटर. जागा महत्त्वाची. मशीनचे वजन रोलरवरून (चेनच्या आतल्या चाकांवरून) चेनच्या लिंकवर, म्हणजे शू जोडलेल्या कड्यांवर, येते, म्हणून काटे लिंकच्या रेषेजवळ ठेवा, शूच्या बाहेरच्या कडेला नको. कडेचा काटा शूला पिळतो. डाव्या-उजव्या चेनवरचे काटे एकाच वेळी जमिनीला लागू नयेत, थोडे मागेपुढे असावेत, म्हणजे हादरा कमी होतो. कडक थंडीत बर्फ जास्त टणक होतो, त्यामुळे उणे पंचवीसला बोथट काटा उणे पाचइतका शिरत नाही. टोके झिजली की पकड जाते, आणि ती हळूहळू न जाता दोन-तीन दिवसांत गेल्यासारखी वाटते. टोकाला टंगस्टन कार्बाइड असलेले काटे महाग पडतात पण खडीमिश्रित रस्त्यावर ते पैसे वसूल करतात.

आडवे सरकण्याचा तुमचा त्रास वेगळा पाहायला हवा. शूचे ग्राउझर चेनला आडवे असतात, म्हणून ते पुढे-मागे धरतात. बाजूला धरणारे त्यात काहीच नाही. तीन ग्राउझरचे शू तर बुटके असतात, वळायला सोपे जावे म्हणूनच तसे केलेले. त्यामुळे काटे नुसते आडवे लावू नका. एका शूवर डावीकडे कललेला, पुढच्या काट्याच्या शूवर उजवीकडे कललेला, अशी जोडी करा. कलता काटा दोन्ही दिशांना थोडे थोडे धरतो. बदल्यात वळताना चेनच्या सांध्यांवर आणि फायनल ड्राइव्हवर ताण वाढतो. म्हणून काटे लावल्यावर जागच्या जागी गोल फिरणे बंद. थोडे पुढे, थोडे वळण, पुन्हा थोडे पुढे.

बोल्टने बसणारे काटे मिळत असतील तर वेल्डिंगचा विचारच सोडा. शू उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाचे असतात. थंडीत, न तापवता केलेला वेल्ड त्यांना वेल्डच्या कडेला ठिसूळ करतो आणि तडा तिथूनच जातो. करायचेच असेल तर आडोशाला, शू आधी तापवून, कोरड्या ठेवलेल्या लो-हायड्रोजन रॉडने करा आणि नंतर झाकून हळू थंड होऊ द्या. वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा त्याच शूवर लावा. तो मशीनच्या बॉडीवर लावला तर करंट पिन, बुश आणि सीलमधून जातो आणि गळती पुढच्या उन्हाळ्यात दिसते. बॅटरी सोडा, कंट्रोलरची जोडणीही काढा. लिंकला आणि पिनला वेल्डिंग कधीच नाही.

रबरी चेनवाल्यांसाठी थोडक्यात. चौकोनी ठोकळ्यांचा नमुना हिमात लगेच भरून गुळगुळीत होतो. आडवे बार किंवा नागमोडी नमुना स्वतःला झटकत राहतो, म्हणून बरा. थंडीत रबर कडक होते आणि बर्फावरची त्याची लवचीक पकड जाते, त्यामुळे हिवाळ्यासाठी मऊ रबराच्या चेन मिळतात त्या घ्याव्यात. स्क्रूचे काटे बसवता येतात, पण स्क्रूची लांबी रबरी लगच्या (चेनवरच्या रबरी ठोकळ्यांच्या) उंचीपेक्षा निश्चित कमी हवी. आतल्या पोलादी तारांना स्क्रू लागला की ओल शिरते, गंज चढतो आणि चेन एका हंगामात तुटते. ज्या मशीनमध्ये पट्टा फक्त घर्षणाने फिरतो, तिथे हिम पट्टा आणि चाकाच्या मध्ये शिरले की घसर तिथेच सुरू होते आणि ऑपरेटर उगीच जमिनीला दोष देतो.

सकाळी चेन न हलण्याचे कारण पकडीचे नाही, पण पकडीइतकेच महत्त्वाचे आहे. दिवसभर स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) आणि बुशच्या मध्ये हिम दाबले जाते. तिथे ते बर्फ बनते, चेन आतून ताणली जाते आणि स्प्रॉकेटचा दात बुशवर नीट बसेनासा होतो. कधी दात उडी मारतो, कधी चेन उतरते. शूच्या मध्यभागी भोक असलेले शू मिळतात. स्प्रॉकेट फिरताना भरलेले हिम त्या भोकातून बाहेर ढकलते. हिम-चिखलाच्या कामात मी हेच शू निवडतो. ते नसतील तर दुपारी एकदा आणि काम संपताना एकदा, एकेक चेन उचलून दोन्ही दिशांना फिरवा आणि उरलेले लोखंडी पहारीने काढा. चेनचा झोल मोजायचा तो हिम भरलेल्या, कामाच्या अवस्थेत. गोदामात स्वच्छ चेनवर मॅन्युअलप्रमाणे ताण दिला आणि मग ती हिमात गेली की ताण दुपटीने वाढल्यासारखा होतो. त्यामुळे थोडा जास्त झोल ठेवा, पण आडव्या उतारावर काम असेल तर फार सैलही नको, तिथेच चेन उतरते.

रात्री मशीन लाकडी ओंडक्यांवर किंवा कोरड्या खडीवर उभे करा. दिवसभराच्या घर्षणाने चेन किंचित गरम असते, खालचे हिम वितळते आणि पहाटेपर्यंत शू जमिनीला चिकटून बसतात. १९४१ च्या हिवाळ्यात पूर्व आघाडीवर जर्मन रणगाड्यांना हा अनुभव आला, चिखलात उभ्या राहिलेल्या चेन सकाळी दगडात बसवल्यासारख्या झाल्या. त्यांच्या अरुंद चेन हिमातही बुडत होत्या, म्हणून पुढे रुंद केलेल्या खास हिवाळी चेन काढाव्या लागल्या. चिकटलेली चेन झटक्याने सोडवू नका. आधी हायड्रॉलिक तेल पुरेसे गरम होऊ द्या, मग बूमने (मशीनच्या लांब हाताने) एक बाजू हळू उचलून मोकळी करा. झटका जमिनीला बसत नाही, फायनल ड्राइव्हच्या गिअरला बसतो. मी उघडलेल्या तुटक्या फायनल ड्राइव्हपैकी बऱ्याच अशा सकाळच्या होत्या.

मशीनइतकेच रस्त्यावर काम करा. तुमच्याकडे बकेट आहे आणि बकेटला दात आहेत. मशीन चढवण्याआधी जिथवर बूम पोचेल तिथवर बर्फावर आडव्या खाचा ओढा, हातभर अंतराने. मग तेवढे पुढे जा, पुन्हा ओढा. वेळ लागतो, पण याहून भरवशाचा उपाय मला माहीत नाही. त्यावर धारदार खडी किंवा जाडसर वाळू टाका. गरम पाण्यात भिजवलेली वाळू टाकली तर ती बर्फात गोठून बसते आणि लवकर उडून जात नाही. मीठ जपून वापरा. पोकलेनच्या चढावर ते आधी पाण्याचा थर बनवते, म्हणजे काही काळ रस्ता जास्तच निसरडा होतो, आणि उणे दहाच्या खाली त्याचा फारसा उपयोगही राहत नाही.

चढताना सरळ चढा, उतरताना सरळ उतरा. बर्फाच्या उतारावर आडवे जाणे मी काटे लावूनही टाळतो. चढताना बूम चढाच्या दिशेने पुढे, बकेट जमिनीपासून २० ते ३० सेंटीमीटरवर, म्हणजे वजन मागच्या रोलरवर एकवटत नाही आणि घसर सुरू झाली तर बकेट लगेच टेकवता येते. उतरताना बकेट हाच ब्रेक. ट्रॅव्हल लिव्हर हलक्या हाताने, कमी वेगाच्या टप्प्यात. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही, म्हणून पायथ्याशीच ठरवा, वरपर्यंत जायचे की नाही. वर काही ओढून न्यायचे असेल तर ओझे कमी करण्याचा विचार पकड वाढवण्याच्या आधी करा. अंटार्क्टिकावर किनाऱ्यापासून दक्षिण ध्रुवापर्यंत १,६०० किलोमीटर इंधन ओढून नेणाऱ्या रबरी चेनच्या ट्रॅक्टरांना मोठा फायदा मिळाला तो मागच्या जड गाड्यांऐवजी सपाट प्लॅस्टिकच्या पत्र्यांवर इंधनाच्या पिशव्या ओढल्याने. ट्रॅक्टर तेच, ओढ कमी.

तेव्हा तुमच्या मशीनसाठी माझा क्रम असा : ६०० चे शू तसेच ठेवा, दर चौथ्या-पाचव्या शूवर कलते बोल्टचे काटे, चढावर खाचा आणि खडी, संध्याकाळी चेन साफ आणि ओंडक्यांवर उभे. काटे लावल्यावर पहिल्या चार-पाच तासांत सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पहिला प्रयोग चढाच्या अगदी खालच्या दहा मीटरांवर करा, थांबा, मागे या, काट्यांच्या खुणा बघा. स्वच्छ, खोल भोके दिसली तर ते शिरताहेत. लांब ओरखडे दिसले तर काटे कमी करा किंवा टोके धारदार करा.

राहिला तलाव. इथे वर सांगितलेले काहीच लागू होत नाही. रुंद शूने हिमात तरंगता येते, तरंगत्या बर्फाला मात्र शूच्या रुंदीने फरक पडत नाही, कारण तो फळीसारखा कित्येक मीटरपर्यंत एकत्र वाकतो. त्याला फक्त एकूण वजन आणि स्वतःची जाडी कळते. कॅनडातले संशोधक लोर्न गोल्ड यांनी मांडलेला हिशेब आजही वापरतात: जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ४ ने गुणा, तेवढे किलो. सावध माणसे ३.५ ने गुणतात. २१ टनांसाठी ४ ने ७३ सेंटीमीटर येतात, ३.५ ने ७८. तेही सलग, स्वच्छ निळसर बर्फासाठी. हिम भिजून गोठलेल्या पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मी धरतात. मशीन एका जागी तासन्‌तास उभे राहिले तर बर्फ सावकाश वाकत जातो, चालताना खाली पाण्यात लाट उठते आणि ती काठाजवळ बर्फ फोडू शकते, ओढा मिळतो तिथे तो नेहमी पातळ असतो. पूर्ण वाटेवर ठरावीक अंतराने भोके पाडून जाडी मोजलेली नसेल, तर मशीन त्या तलावावर नेऊ नका. वळसा कितीही लांबचा असला तरी त्या वळशाने जा.